उलटा हात

"बाबुलाल, उतर खाली," मारोतराव म्हणाले.

बाबुलाल शिडीच्या वरच्या पायरीवर होता. घराच्या बाहेरच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट बसवून झाले होते आणि एसीचं बाहेर बसणारं यंत्र दोराला बांधून त्याची दोन माणसं खाली तयार उभी होती. वैशाली नगरात एप्रिलची सकाळ म्हणजे दहाच्या आत जे उरकेल ते खरं. बाबुलालने कपाळावरचा घाम पुसला.

"क्या हुआ, कका?"

"मशीन आज नहीं चढेगा. आज पोता चढेगा, रेती का."

मारोतराव भोयरांचं हिंदी तीस वर्षं भिलाईत राहूनही आर्वीच्या बाजारातलंच राहिलं होतं. पण बाबुलालला ते बरोबर कळलं, आणि कळलं म्हणूनच तो वैतागला. त्याने सुपेल्यापासून दुर्गपर्यंत किती दुकानांत, किती डॉक्टरांकडे एसी बसवले होते. भिंतीला आधी रेतीचं पोतं टांगायला लावणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"कका, ये बोल्ट हाथी को भी पकड़ लेंगे."

"हाथी का मालूम नहीं. इसके नीचे लोगों के बच्चे खेलते."

मारोतरावांचं सगळं आयुष्य पोलाद कारखान्यात क्रेनच्या केबिनमध्ये गेलं होतं. खाली माणसं, वर वितळलेल्या लोखंडाने भरलेली अजस्र बादली, म्हणजे लॅडल, आणि दांडा यांच्या हातात. क्रेनवाल्यांची एक रीत असते. ओझं आधी वीतभर उचलायचं, थांबायचं, पाहायचं आणि मगच पुढे न्यायचं. रिटायर झाल्यावर मारोतरावांनी हीच रीत घरातही चालू ठेवली. नवीन खाटेवरसुद्धा ते आधी हळूच बसत, थांबत आणि मग पाय वर घेत.

तर यंत्राऐवजी पोतं चढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच लटकलं. शेजारच्या भागाबाई अंगणात गहू निवडत होत्या. मारोतरावांपेक्षा वयाने मोठ्या, आणि जिभेने त्याहून मोठ्या.

"काय गा मारोतराव," त्या म्हणाल्या, "लोकं एसी लावतेत, तू रेती लावली. थंडी तेवढीच पडते का?"

"पडू नये म्हनूनच लावली, भागाबाई."

गल्ली हसली. हसायला कारणही होतं. विदर्भातला माणूस एकवेळ पाहुण्याला चहा विचारायला विसरेल, पण होळी झाली की कूलरच्या ताट्यांत नवं गवत भरायला विसरत नाही. मारोतरावांच्या घरात मात्र कूलर नव्हता. उन्हाळ्यात ते ओली चादर अंगावर घेत आणि खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर तांब्याने पाणी मारत. अशा माणसाने एकदम एसी आणावा म्हणजे उपाशी राहणाऱ्याने थेट पंगतच घालण्यासारखं होतं.

ते पूर्वी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत, तेव्हा त्यांच्याकडे कूलर होता. पत्र्याचा, सगळ्यांकडे असतो तसा. त्याच्या वायरीला दोनच पिनांचा प्लग होता. तेव्हा बहुतेक घरांत दोनच असत. एका दुपारी त्यांच्या बायकोने, रमाने, फरशी पुसता पुसता चालू कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं आणि दुसरा हात पत्र्यावर टेकवला. शेजारी धावत कारखान्याच्या गेटवर गेले, तेव्हा मारोतरावांच्या क्रेनला भरलेली लॅडल लटकत होती. ती खाली नीट टेकेपर्यंत कोणी त्यांना वर निरोप दिला नाही. मारोतरावांना त्या लोकांचा कधी राग आला नाही. त्यांनीही तेच केलं असतं.

त्यांची मुलगी वसुंधरा तेव्हा दुसरीत होती. रमाचं तेरावं झाल्यावर मारोतरावांनी तिला समोर बसवलं आणि एक गोष्ट शिकवली.

"हे पाह्य. तळहात लावला अन् करंट असला, तं मूठ आपोआप आवळते. मंग सुटत नाई. उलटा हात लावला तं झटका बसून हात मागं येते. म्हनून पह्यले उलटा हात. कोनत्याई वस्तूले."

त्या घरात मग फ्रिज, इस्त्री, पाण्याची मोटर, दाराची कडीसुद्धा उलट्या हाताने शिवली जाऊ लागली. बटण बंद करूनच, आणि तरीही आधी उलटा हात. लग्न होऊन वसुंधरा नागपूरला गेली तेव्हा नव्या सुनेने फ्रिजला हाताच्या पाठीने शिवलेलं पाहून सासरचे म्हणाले, हिला फ्रिजला ताप आल्यासारखं वाटते का. तीही त्यांच्यात हसली. पण तिने सवय सोडली नाही.

आता वसुंधराला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मारोतरावांनाही ठाऊक होती आणि तिच्या सासूलाही. पण सासूबाईंचं म्हणणं असं की मे महिन्यातली भिलाई, घरात साधा कूलर नाही, बाई नाही; पोरीला तिकडे भाजायला पाठवायची का? म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. वसुंधरानेच एका रविवारी फोन केला.

"बाबा, मी इथंच रायते. तुमी या भेटाले."

"म्या कूलर आनतो."

ती म्हणाली, "नका आनू. तुमी रातभर त्याच्यापाशीच बसून राहाल. माह्याकडं पाहाल का त्याच्याकडं?"

ती जावई शामसुंदरची बाजू घेऊन बोलली असती, सासूची घेऊन बोलली असती, तर मारोतरावांनी वाद घातला असता. ती त्यांचीच बाजू घेऊन बोलली. त्यामुळे फोन ठेवल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. माहेर म्हणजे आई, असं लोक म्हणतात. आई नाही तर निदान घर तरी असावं, आणि ते घर तिच्यासाठी उभं आहे असं तिला वाटावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पोरीने स्वतःहून नको म्हणावं यापेक्षा दुसरी हार कोणती?

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी ते बँकेत गेले. साहेबांच्या खोलीत भिंतीवर लांबुडका पांढरा खोका होता. त्यात टाकी नव्हती, पाणी भरायचं नव्हतं, आणि गार हवा येत होती. साहेब सही करत होते तोवर मारोतरावांनी उभं राहून हात वर करून पाहिला. खोक्यापर्यंत तो पोहोचला नाही. तिथेच त्यांचं मन वळलं.

पोतं हललं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी यंत्र चढलं. मग अर्थिंगवरून वाजलं.

"घर में तीन पिन का बोर्ड है ना, कका," बाबुलाल म्हणाला.

"तिसरा छेद है. उसके पीछे क्या है, वो बता."

बाबुलालने बोर्ड उघडला. तिसऱ्या छिद्रामागची तार दोन बोटं जाऊन संपली होती. त्याने एकदा तारेकडे आणि एकदा मारोतरावांकडे पाहिलं, आणि त्यानंतर तो वाद घालायचा थांबला. मागच्या अंगणात तुळशीपासून थोडं दूर मारोतरावांनी स्वतः खड्डा खणला, छातीएवढा. बाबुलालने त्यात तांब्याची पट्टी सोडली, कोळसा आणि मीठ थर देऊन भरलं. मीटरपासून एसीसाठी वेगळी जाड वायर आली, आपोआप पडणारं बटण आलं, व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर आला. खड्डा ओला राहिला तरच अर्थिंग काम करतं, असं बाबुलालने सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी एक तांब्या तुळशीला आणि एक तांब्या मिठाला, असा क्रम सुरू झाला.

"तुळशीचं समजलं," भागाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "ह्या दुसऱ्या देवाचं नाव काय?"

वसुंधरा यायच्या आदल्या दिवशी मारोतरावांनी दुपारी एसी लावला आणि खुर्ची टाकून समोर बसले. यंत्र सुरळीत चालत होतं. बराच वेळ झाला, खोली काही गार होईना. खोक्याखाली गार वाटायचं, दोन पावलं मागे आलं की तीच भट्टी. उद्या पोरगी येणार, जावई येणार, आणि त्यांच्या हातात हे असलं सोंग. सासूबाईंचं वाक्य त्यांना आधीच ऐकू यायला लागलं. त्यांनी बाबुलालला फोन केला.

बाबुलाल सायकल हाणत आला. बाहेरचं यंत्र पाहिलं, गॅस पाहिला, जाळी काढून पाहिली. सगळं ठीक होतं. मग त्याला पडदा हलताना दिसला. त्याने पडदा सारला. मागे खिडकी सताड उघडी होती, आणि उन्हाची गरम लू बिनबोभाट आत येत होती.

"कका, ये किसने खोला?"

"मैंने. हवा निकलने को जगा नको?"

बाबुलाल खुर्चीत बसला आणि पोट धरून हसला. "कका, ये कूलर नहीं है. इसमें खिड़की बंद रखते हैं."

कूलर चालवायचा तर समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली दमट होते, कपडे अंगाला चिकटतात. हे विदर्भातल्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. मारोतरावांनी इतक्या वर्षांत कूलरला हात लावला नव्हता, पण हात मात्र काही विसरला नव्हता. रमाही आधी ती खिडकी उघडायची आणि मग कूलरचं बटण दाबायची. खिडकी लावून घेताना त्यांना रमाची फार आठवण आली. या गार खोलीत ती हवी होती, असं त्यांना वाटलं, आणि ते तोंड फिरवून कडी नीट बसली का ते पाहत राहिले.

बाबुलालने जाता जाता बाकीचं समजावलं. बंद करताना आधी रिमोट, मग भिंतीवरचं बटण. ओल्या हाताने बटणाला जायचं नाही. पंधरवड्याने जाळी धुवायची, तीही बटण बंद करून. आणि एकदम सोळावर ठेवून खोलीचा बर्फ करायचा नाही.

दुर्ग स्टेशनवरून रिक्षा आली ती टळटळीत दुपारी. वसुंधरा हळूहळू चालत आतल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. तिने भिंतीवरच्या खोक्याकडे पाहिलं, खाली आलेल्या वायरीकडे पाहिलं, आणि पुढे होऊन स्विचबोर्डला हाताची पाठ लावली.

"लावली म्या सकाळीच," मारोतराव म्हणाले. "काई नाई."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तरीबी."

शामसुंदर दोघांकडे पाहत राहिला. संध्याकाळी नागपूरला फोन करून तो आईला म्हणाला की इथं आपल्यापेक्षा बरं आहे. सासूबाई यावर काय म्हणाल्या ते त्याने सांगितलं नाही.

खरी लढाई बाकी होती ती भागाबाईंशी. डिंकाचे लाडू, शेक, मालिश हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं, पण बाळंतिणीला गार वारा लागू द्यायचा नाही हे त्यांचं ठाम होतं. मारोतरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं, एसी अठ्ठावीसवर ठेवला आणि पट्ट्या वर करून हवा छताकडे सोडली.

"वारा कुठं हाय, सांगा."

भागाबाईंनी पदर सोडून पाहिला. पदर हलला नाही. "कानाले फडकं बांधीनच म्या," त्या म्हणाल्या. लढाई तिथे मिटली. पुढे रोज दुपारी त्या बाळंतिणीची देखरेख म्हणून त्याच खोलीत येऊन झोपू लागल्या, हेही सांगायला हवं.

वसुंधराने अंगणात एक गोष्ट पाहिली. एसीच्या नळीतून दिवसभर पाणी ठिबकून गल्लीत वाया जात होतं, आणि बाबा तांब्या घेऊन उन्हात मिठाच्या खड्ड्याकडे जात होते.

"बाबा, तेच पानी खड्ड्यात सोडा ना."

मारोतरावांनी नळीचा तुकडा जोडून टोक खड्ड्यापर्यंत नेलं. यंत्र आपल्या अर्थिंगला आपणच पाणी घालू लागलं. तुळशीचा तांब्या तेवढा चालू राहिला.

मुलगी झाली, मेच्या शेवटी. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बाहेर लू सुटली होती आणि गल्लीत कुत्रंही नव्हतं. खिडकी बंद होती. भागाबाई स्वयंपाकघरात काढा उकळत होत्या. मारोतराव बाहेरून आले, पाय धुतले, हात कोरडे केले आणि खोलीत येऊन वसुंधराच्या शेजारी उभे राहिले. पोर दुपट्यात डोळे मिटून पडली होती.

"घ्या ना," वसुंधरा म्हणाली.

मारोतराव वाकले. त्यांचा हात पुढे गेला, आणि बाळाच्या गालाजवळ जाऊन बोटांची पाठ अलगद टेकली.

वसुंधराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती.

"बाबा, सुलटा लावा. तिले करंट नाई."

मारोतरावांनी हात सुलटा केला. क्रेनचा दांडा धरून धरून तळहात खरबरीत झाला होता, म्हणून त्यांनी एकच बोट पुढे केलं. बाळाने ते धरलं आणि मूठ आवळली. मूठ सुटेना, आणि मारोतरावांनीही बोट मागे घेतलं नाही.