शिवणीतली माया

"डोळे उघड बघू. हे बघ, बाबा आले."

शाळेच्या नर्सबाईंनी मुलीच्या तोंडावरून पाण्याचा हात फिरवला. शिंपी दारातच थबकला. गळ्यातली टेप काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. तिसरीतली आपली लेक कवायतीत चक्कर येऊन पडली, एवढंच फोनवर कळलं होतं.

"उपाशी आहे ती," नर्सबाई म्हणाल्या.

"अहो, आई रोज डबा देते!"

"तो मैत्रिणींना वाटते. आठवडाभर चाललंय, त्यांनीच आत्ता सांगितलं. मी मागे तपासणीत तिच्या वजनाकडे लक्ष द्या म्हटलं होतं, उपाशी ठेवा नव्हतं म्हटलं."

"आम्ही नाही हो ठेवत..."

पण त्या तपासणीच्या दिवसापासून घरात भीती शिरली होती, हे खरं. त्याची आई साखरेच्या दुखण्यानं गेलेली. तो लेकीच्या ताटाकडे चोरून बघायचा. तिनं पुन्हा वाढून घेतलं की बायको उगाच खाकरायची. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

तो तिच्या उशाशी बसला. "का गं, बाळा? कुणी चिडवलं का?"

"ते तर रोजच चिडवतात." तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "तुम्हीच म्हणालात आईला. हिच्यासाठी आता माया उरली नाही. होती तेवढी संपली."

शिंप्याला आधी काही उमगेना. मग उमगलं. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, त्याला शिंपी माया म्हणतात. दर सुट्टीत तो तिचा गणवेश उसवून सैल करायचा. या खेपेला आत कापडच उरलं नव्हतं, तेच तो बायकोला सांगत होता.

"अगं वेडाबाई, ती कापडाची माया!" त्यानं स्वतःच्या सदऱ्याची शिवण उलटी करून दाखवली. "ही, ही बघ!"

तिनं ती पट्टी बोटानं चाचपली. "मग मी जाड असले तरी चालेल?"

"जाड अस, बारीक अस. शिंप्याच्या घरी कापडाला काय तोटा!"

नर्सबाईंनी केळं सोलून दिलं. ते हातात धरून तिनं विचारलं, "बाबा, सगळं खाऊ?"

शिंप्याला वाटलं, खाऊ का, हे लेकरानं बापाला घाबरून विचारावं?

"भूक असेल तेवढं खा," नर्सबाई म्हणाल्या. "आणि बाबा, तिच्या ताटात बघणं बंद. तिच्याबरोबर जेवा, तिच्याबरोबर चाला. तुमचाही घेर काही कमी नाही."

"माझं माप घ्यायला टेप पुरत नाही, बाई."

मुलगी खुदकन हसली.

तिला तरतरी आल्यावर स्कूटर शाळेतच ठेवून दोघं हळूहळू चालत निघाले. चढावर शिंप्याला धाप लागली. पुढे गेलेल्या लेकीनं वळून पाहिलं. ती खाली बसली, बुटाची घट्ट बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. बापाचा श्वास जागेवर येईपर्यंत ती गाठ काही तिला जमेना.