अठरावं मिनिट

वकारने अकरा वर्षं मुंबईच्या एका संगीत मासिकाला पत्रं लिहिली. मागणं एकच, आमच्या आवडत्या बँडवर एक पान द्या. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या वीस-वीस मिनिटांच्या इंग्रजी गाण्यांचा अकोटात तो एकटाच वेडा होता. मग त्याने शिवमला नादी लावलं आणि वेडे दोन झाले. कापसाच्या मंदीत जिनिंग मिल बंद पडली, वकारचं काम गेलं, पाठोपाठ मूत्रपिंडं गेली. पत्रं मात्र चालूच राहिली.

दोन हजार सहाच्या भाद्रपदात ते पान छापून आलं. अकोटच्या एसटी स्टँडवर शिवमने ते उभ्याउभ्याच वाचलं. वर मोठा फोटो, खाली नुसती टिंगल. ‘तेवीस मिनिटांचं गाणं म्हणजे तेवीस मिनिटांची जांभई. हे ऐकतं तरी कोण?’

तिकडे अकोल्याच्या दवाखान्यात वकार डायलिसिसला नाही म्हणून बसला होता. त्याची बायको अनीसा फोनवर म्हणाली होती, "शिवमभाऊ, ते पान घेऊन या. त्याच्यानंच उठले तर उठतीन."

बसभर शिवम पांडुरंगाशी भांडत राहिला. देवा, असंच द्यायचं होतं तर दिलंस कशाला?

वॉर्डात फवारणीचं औषध प्यालेले दोघं होते. त्यांच्या बायका जमिनीवर बसलेल्या. वकारचे पाय सुजून चकाकत होते.

"आलं काय बे?"

"आलं." शिवमने मासिक स्वतःकडे वळवून धरलं आणि मनाचंच वाचू लागला, "गाणं सावकाश उघडतं. पण सुरुवातीची बासरीची धून अठराव्या मिनिटाला गिटारवर परत येते, तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे..."

"थांब. खोटं वाचून राहिला तू."

"काहून?"

"पेपरवाला अठराव्या मिनिटापर्यंत बसते काय लेका? तेवढा बसणारा तूच. दे इकडे."

त्याने वाचलं. हसला, आणि हसताहसताच रडू लागला. "अकरा वर्षं, शिवम! अन् त्यानं पुरं आयकलंबी नाही. जा तू. मशीन-गिशीन नाही पायजे मले."

अनीसा चाकाची खुर्ची धरून दारात उभी होती.

शिवमला आपले वडील आठवले. हिवरखेडच्या देवळात बुधाजी कीर्तनाला उभे राहिले, की अर्ध्यातच काही जण चपला शोधू लागत. बुधाजी रागावत नसत. कथा ऐन संकटात आणून थांबवत आणि गजर धरत. शोधलेल्या चपला पुन्हा जागेवर जात.

शिवम खाटेवर टेकला. "मंग माहं आयक." आणि तो गाणं सांगू लागला, कथेसारखं. बासरी कशी एकटी निघते, सातव्या मिनिटाला सगळं कसं कोसळतं, चौदाव्याला एकच तार कशी तग धरून राहते. वकारची बोटं चादरीवर ठेका धरू लागली.

"आता अठरावं मिनिट," शिवम म्हणाला, आणि गप्प झाला.

"पुढं?"

"पुढचं मशीनवर."

"हरामखोर हायेस तू."

"हाव."

वकारने चादर बाजूला सारली. मग म्हणाला, "आजच्या दिवस. फक्त."

अनीसाने खुर्ची पुढे आणली. तिच्यामागून चालताना शिवम वाक्यं जुळवत होता. परवाच्या डायलिसिसला ती पुन्हा लागणार होती, आणि गाणं तर तेवीसच मिनिटांचं होतं.