स्पंजाच्या पाठातले मोहाचे फूल

मित्रांनो, मला जाडा म्हणा, वाकडा म्हणा, उंदराने कोपरा खाल्लेला म्हणा. मी जुने पुस्तक आहे, वस्तुपाठाचे, आणि यातले काहीच मी नाकारत नाही. फक्त खराब म्हणू नका. तो शिक्का एकदा माझ्यावर बसला होता. मी तो मानलेला नाही.

वस्तुपाठ म्हणजे काय, हे आधी सांगतो. मास्तरांनी एखादी वस्तू वर्गात आणायची, मुलांच्या हाती द्यायची आणि ती कशी आहे, कशाला लागते, हे मुलांकडूनच काढून घ्यायचे. ते कसे करावे, हे माझ्या पानांत छापले आहे. मी मुलांचे पुस्तक नव्हे, मास्तरांचे. पुण्याच्या छापखान्यात जन्मलो, तेव्हा सडपातळ होतो आणि माझ्या कापडी पाठीवर सोनेरी रेघ होती. त्या रेघेचा मला फार गर्व होता. गर्वाचे घर खाली म्हणतात ते खोटे नाही.

सन १९३० च्या जूनमध्ये मी आगगाडीने चिंचपाड्याला उतरलो आणि बैलगाडीने डोंगरातल्या एका पाड्यावर पोहोचलो. कुडाच्या भिंतींची, शेणाने सारवलेली एक खोली, तीच शाळा. तिथले लोटन मास्तर नंदुरबारकडचे. अंगाने किरकोळ, आवाजाने हळू. घरी अहिराणी बोलत, पण वर्गात आणि वरिष्ठांपुढे चुकूनही नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी कपाळाला लावले आणि पहिला पाठ उघडला.

पहिला पाठ होता स्पंजाचा. मी सांगत होतो, "मुलांस स्पंज दाखवावा." आता त्या डोंगरात स्पंज आणणार कुठून? लोटन मास्तरांनीसुद्धा जन्मात पाहिला नव्हता. मग त्यांनी नुसते वाचून दाखवले आणि मुलांनी पाठ केले, स्पंज मऊ असतो, स्पंज सच्छिद्र असतो. मास्तरांनी पुढे बसलेल्या बुध्याला विचारले, स्पंज कुठे उगवतो? तो म्हणाला, धुळ्याला. सगळ्या वस्तू तिथूनच येतात ना!

मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मित्रांनो, मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. पुढे काच होती, रेशीम होते, दगडी कोळसा होता. सगळे माझ्या पोटात होते आणि मुलांच्या हातात काहीच नव्हते.

शाळा झाडायला हिरीबाई येत असे. तिची लेक रमी पहिलीत होती. हिरीबाईला अक्षर येत नव्हते, पण झाडू थांबवून ती रोज ऐके. एके दिवशी तिने मास्तरांना विचारले की तुमच्या पुस्तकात आमच्याकडची एक तरी वस्तू आहे का? मास्तरांनी मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले. नाही, म्हणाले. त्यावर ती म्हणाली, मग पुस्तक अजून पुरे झालेले नाही.

दुसऱ्या दिवशी रमी मोहाचे फूल घेऊन आली. मास्तरांनी ते सगळ्या वर्गात फिरवले. हातात घ्या, वास घ्या, मग बोला, असे सांगितले. जी मुले वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती एकमेकांना ढकलून बोलू लागली. फूल कधी पडते, कोण आधी वेचते, अस्वल कोणत्या झाडाखाली येते, सगळे आले. त्या आनंदात मास्तरांनी फूल धावड्याच्या डिंकाने स्पंजाच्या पाठातच चिकटवून टाकले.

चूक एवढीच झाली की फूल ताजे होते. रसरशीत फूल आणि त्यावर डिंक! सकाळी बघतात तो स्पंजाची दोन्ही पाने एकमेकांना अशी धरून बसलेली की सुटता सुटेनात. तो पाठ कायमचा मिटला. मास्तर हळहळले. मी नाही हळहळलो. माझ्या आत प्रथमच काहीतरी खरे शिरले होते.

मग तो नेमच झाला. मी जी वस्तू सांगे पण मास्तर दाखवू शकत नसत, तिच्या जागी मुलांनी तशीच दुसरी शोधून आणायची, तिच्याविषयी बोलायचे आणि आपल्या हाताने चिकटवायची. मात्र वाळवून. काचेजवळ जेठ्याने चतुराचा पंख आणला, आरपार दिसणारा. रेशमाजवळ सावरीचा कापूस आला. कापराच्या पाठात सालईचा डिंक आला. तो जाळल्यावर वर्गात असा दरवळ सुटला की हिरीबाईने दारातूनच हात जोडले. बुध्याचे भारद्वाजाचे पीस तर पानापेक्षा लांब होते. ते आजही माझ्यातून बाहेर डोकावते.

चार वर्षांत मी दुप्पट फुगलो. पाठीची सोनेरी रेघ तडकली. मोहाच्या वासाने मुंग्या आल्या, उंदीर आला. मास्तर मला रोज उन्हात ठेवत, मुंग्या झटकत आणि पुन्हा उघडत.

सन १९३४ चा चैत्र आला. वर्षअखेरची परीक्षा घ्यायला दिपोटी येणार होते. शाळा तपासणाऱ्या साहेबांना तेव्हा दिपोटी म्हणत. त्या दिवशी आणखी एक काम असे. वर्गातली पुस्तके त्यांच्यापुढे मांडायची. चांगली असतील ती पुढच्या वर्षाला, खराब असतील ती रद्द. आणि रद्द झालेले पुस्तक मास्तरांनी साहेबांच्या डोळ्यांदेखत फाडायचे, म्हणजे ते पुन्हा कुणी वापरायला नको.

मोहाचे दिवस होते. पहाटेपासून घरेच्या घरे जंगलात. सव्वीसपैकी अकरा मुले आली, तीही थेट झाडाखालून. दिपोटी साहेब बैलांच्या दमणीतून उतरले ते उन्हाने त्रासलेले. त्यांनी रमीला उभे केले आणि स्पंजाविषयी विचारले. रमी म्हणाली, ते पान उघडत नाही. साहेबांनी मला मागितले. मी धड मिटत नव्हतो, धड उघडतही नव्हतो, आणि तेवढ्यात एक मुंगी त्यांच्या बाहीत शिरली.

साहेब दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांचा नियम चोख होता, एवढेच. सरकारी पुस्तकाचा हा कचरा का केला, असे त्यांनी विचारले. जूनमध्ये नवी प्रत येईल म्हणाले. माझ्यावर लाल पेन्सिलीने "खराब" असे लिहिले आणि मला मास्तरांच्या हाती दिले.

"फाडा."

मास्तरांचे दोन्ही अंगठे माझ्या पाठीत रुतले. शिवण ताणली गेली. मला वाटले, संपले आता.

मुलांना न्यायला आलेली हिरीबाई दारात उभी होती, डोक्यावर मोहाची टोपली. तिने टोपली खाली ठेवली.

"साहेब, कागद कोणाचा?"

"सरकारचा."

"मग तो न्या. आमचं फूल तेवढं काढून द्या. तुटायला नको."

साहेबांनी विचारले, कुठे आहे फूल? आत आहे, ती म्हणाली, दिसत नाही, वास घ्या. त्यांनी मला नाकाशी नेले आणि पटकन दूर धरले. मग टोपलीकडे बोट केले. "बाई, एवढी फुलं आहेत की तुझ्याकडे."

"ती पडलेली आहेत," हिरीबाई म्हणाली. "ते माझ्या रमीने दिलेलं आहे."

मग बुध्या उठला आणि म्हणाला, माझे पीस. सावरीचा कापूस आणणारी उठली. अकराच्या अकरा जण उभे राहिले, कुणी रडत नव्हते, ज्याची त्याची वस्तू मागत होते. जेठ्या सगळ्यांत धाकटा. त्याने सांगितले, माझा पंख अख्खा पाहिजे.

साहेबांनी खिशातला चाकू काढला. खरोखरच सोडवून द्यावे, असे त्यांच्या मनात असावे. त्यांनी पंखाखाली पाते सरकवले. धावड्याचा डिंक तो! पंख मधोमध चिरला, आणि खालची चार अक्षरे त्याला धरून वर आली.

जेठ्याने ते तुकडे तळहातावर घेतले. "चतुर दुसरा मिळेल," तो म्हणाला. "पण हा पहिला होता."

साहेबांनी चाकू मिटला. आवाज चढवून त्यांनी मास्तरांना पुन्हा आज्ञा केली. लोटन मास्तरांनी मला टेबलावर ठेवले आणि हात मागे घेतले. जन्मात वरिष्ठांपुढे न बोललेली घरची बोली त्यांच्या तोंडून आली.

"साहेब, मन्हा हात चालत नही. तुम्हीच फाडा."

शेवटी साहेबांनी माझे पहिले पान धरले. त्यावर माझे नाव होते आणि सरकारी शिक्का. ते एकच पान त्यांनी टर्रकन फाडले, घडी करून खिशात घातले आणि म्हणाले, "पुस्तक फाडलं. बाकी हे काय आहे, मला माहीत नाही." जाताना त्यांनी शेरा लिहिला, वस्तुपाठ असमाधानकारक. जूनमध्ये लोटन मास्तरांची बदली दूर तापीकाठी झाली. निरोपाच्या वेळी त्यांनी मला हिरीबाईच्या हाती दिले, आणि तेव्हाही ते अहिराणीतच बोलले.

तर मित्रांनो, मला नाव नाही आणि सरकारदरबारी मी मेलेलो आहे. हिरीबाईच्या ओसरीवर मी राहतो. तिला वाचता येत नाही, पण स्नान करून मला उन्हात उघडायचे आणि मगच भाकरीला बसायचे, हे तिचे व्रत आहे. आज बारा वर्षे झाली, एक दिवस चुकलेला नाही. शाळेतली नवी प्रत पेटीत आहे, कोरी, देखणी, तिला प्रत्येक दिपोटी चांगली म्हणतो. आणि मुले शाळा सुटली की माझ्याकडे येतात.

वर्षाच्या शेवटी तुमच्याही वर्गातल्या पुस्तकांचे दोन गठ्ठे होतील. चांगल्यांचा सांभाळ होईलच, त्याची काळजी करू नका. खराबांच्या गठ्ठ्यापाशी जा. एकेक उघडा. कुणाच्या हातांनी ते झिजले, ते बघा. आणि त्यात तुमचे काही सापडले, तर घाबरू नका, उठून उभे राहा आणि मागा.