बेलाघाटची पाच-वीस

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, बेलाघाट स्टेशनचा. गाड्यांच्या वेळा माझ्यावर रंगवलेल्या असत. मित्रांनो, गेल्या वर्षी काही भल्या माणसांनी मला वाचवलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. का ते सांगतो.

बेलाघाट म्हणजे लखनौपासून तासाभरावरचं, छोट्या रुळांच्या लाइनवरचं एवढंसं स्टेशन. एक फलाट, एक कडुनिंब, एक हापसा. रेल्वेच्या कारखान्यात मला कापलं, काळा रंग दिला, पांढऱ्या अक्षरांत वेळा लिहिल्या आणि तिकीट-खिडकीशेजारी ठोकलं. वेळा बदलल्या की रंगारी यायचा, जुनी ओळ पुसून नवी लिहायचा. लोक माझ्याकडे बघून घड्याळं लावायचे असं म्हटलं, तर ती थाप होईल. गाड्या कुठे वेळेवर यायच्या! पण माझ्याकडे बघून शिव्या तरी घालायचे, आणि तेवढा मान मला पुरत होता.

तिथल्या सरकारी दवाखान्यात कमलताई नर्स होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा लखनौला, चिनहटच्या कारखान्यात, घर तिथेच विकास नगरला. परतीची गाडी चार-चाळीसची आणि दवाखाना सुटायचा पाचला. मग त्या, दवाखान्यातल्या दोन दाया आणि शाळेतल्या मास्तरणी अंधार पडेपर्यंत पुढच्या गाडीसाठी माझ्याखालच्या बाकावर ताटकळत बसायच्या. घरी पोचेपर्यंत कमलताईंचा पिंटू शेजाऱ्यांकडे जेवून झोपलेला असायचा.

शेवटी कमलताईंनी अर्ज लिहिला. गाडी पाच-वीसला सोडा, एवढीच मागणी. बायकांच्या सह्या घेतल्या, भाजीवाल्यांचे अंगठे घेतले. स्टेशनमास्तर शुक्लाजी हसले. म्हणाले, "बहनजी, रेल किसी के कहने से नहीं चलती."

"तो जिनके कहने से चलती है, उनका पता दीजिए," कमलताई म्हणाल्या.

पत्ता मिळाला. मग सुट्टी टाकून हेलपाटे, साहेबांच्या दारापुढे उभं राहणं, आज नाही उद्या या. बाईंनी पिच्छा सोडला नाही. हुकूम आला तो वर्षाच्या अधेमधे, त्यामुळे छापील वेळापत्रकात तो गेलाच नाही. शुक्लाजींनी रंगाऱ्याची वाट पाहिली नाही. स्वतः ब्रश घेतला, चार-चाळीस पुसलं आणि पाच-वीस लिहिलं. ओळ चांगलीच वाकडी आली. माझ्या अंगावरची सगळ्यात कुरूप ओळ ती, आणि मला तिचाच तोरा होता.

जेमतेम एक हिवाळा ती गाडी त्या वेळेला धावली. मग मोठे रूळ टाकायला लाइन बंद केली, स्टेशन पाडलं, आणि मी चिनहटच्या एका भंगारवाल्याकडे कूलरच्या पत्र्यांखाली जाऊन पडलो. पुढचं छापील पुस्तक निघालं तेव्हा त्यात बेलाघाटच नव्हतं.

कितीएक वर्षांनी तिथून मला उचललं ते लखनौतल्याच इंदिरा नगरच्या हौशी मराठी मंडळींनी. त्यांना वाईट म्हणवत नाही, हीच तर पंचाईत आहे. धैर्यशील बँकेत, वीणा कॉलेजात शिकवणारी. पदरमोड करून रेल्वेची जुनी वेळापत्रकं जमवतात. रविवारी धैर्यशीलच्या गॅरेजात बसतात, हात धुऊन पुसून मगच पान उलटतात. पुस्तकात जे नाही ते प्रदर्शनात नाही, हा त्यांचा नियम. वीणाने मला बेलाघाट असलेल्या शेवटच्या पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही वेळ चुकलीय. पुस्तकात चार-चाळीस आहे."

"आणि ओळ बघ ना यार, किती वाकडी," धैर्यशील म्हणाला. " रेल्वेचा पेंटर असं काढेल का? कुणीतरी नंतर खरडलंय."

बेलाघाटच्या एखाद्या माणसाला विचारावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. थिनर आलं, चिंधी आली. पाच-वीस गेलं. पट्टी लावून सरळ, सुरेख चार-चाळीस लिहिलं. आणि फोटो काढले हो, माझ्याशेजारी उभं राहून!

वारसा दिनाला प्रदर्शन भरलं. बेलाघाटचं नाव फोनवर वाचून कमलताई आल्या, पिंटूला घेऊन. पिंटू आता चाळिशीचा, केस पांढरे झालेला. आईने गाडीची गोष्ट काढली की, "हाँ आई, रेल्वे तो आपसे पूछकर चलती थी," असं म्हणून हसायचा. नवरा गेला, शुक्लाजी गेले, बाकावरच्या बायका कुठल्या कुठे पांगल्या. त्यांच्या गोष्टीला हो म्हणायला कुणी उरलं नव्हतं. मी होतो, म्हणून त्या आल्या होत्या. लेकाला एकदा दाखवायचं होतं.

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यावरून बोट फिरवलं. वीणा धावत आली. "काकू, हात नका लावू, वारसा आहे."

"इथे पाच-वीस होतं," कमलताई म्हणाल्या. "आम्ही बदलून घेतली होती वेळ."

वीणाने धैर्यशीलकडे पाहिलं. दोघांनाही आठवलं, मी त्यांचे चेहरे बघितले. पण शेजारी वर्तमानपत्रवाला उभा होता. धैर्यशीलने अदबीने पुस्तक उघडून पुढे धरलं. "हे बघा काकू, चार-चाळीस. आम्ही सगळं चेक केलंय."

"चलो आई," पिंटू हळूच म्हणाला. "हो जाता है, उम्र में."

कमलताईंनी पानावरची ती ओळ वाचली आणि चष्मा काढला. मग धैर्यशीलला म्हणाल्या, "माझीच चूक असेल बाळा. तुम्ही एवढं जपून ठेवलंय, आणि मी उगाच बोलले."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मी नाही सांगणार. माझ्यावर धूळ होती तेव्हा मी खरं बोलत होतो. आता मी चकचकीत आहे, आणि त्या बाईला तिच्याच लेकासमोर मी खोटं पाडलं. मंडळींना रात्री झोप लागत नसेल, तर करण्यासारखं एक काम आहे. विकास नगरला जायचं, दार वाजवायचं आणि पिंटूदेखत सांगायचं, की काकू, पाच-वीसच होतं, आम्ही पुसलं. प्रदर्शनाला कित्येक महिने झाले. रविवारी मंडळी अजून गॅरेजात जमतात, हात धुतात, पानं उलटतात. तिकडे अजून कुणी गेलेलं नाही.