चार मिनिटं आधी

बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी तिचं नाव सेकंदबाई ठेवलं होतं, आणि ते तिला चांगलं माहीत होतं. रोज सकाळी गाडीवर चढण्याआधी प्रत्येकाने तिच्या खोलीत यायचं, यंत्रासमोर बसायचं आणि लाल दिवा लागला की बटण दाबायचं. असे दहा दिवे. ज्याचा हात उशिरा उठला त्याला त्या दिवशी चावी नाही. अपुरी झोप, न उतरलेली दारू, घरातलं भांडण, सगळं त्या आकड्यात दिसतं, असं ती ठणकावून सांगायची. बायकोपासून लपेल पण हिच्यापासून नाही, असं ड्रायव्हर म्हणायचे.

तात्यांचं मात्र भलतंच सुरू झालं. डेपोतले ते सर्वांत जुने. महिन्याभरापूर्वी ते दिवा लागायच्या किंचित आधी बटण दाबू लागले. अंदाजाने दाबत असतील म्हणावं, तर दिवा कधी लागणार हे यंत्र ठरवायचं, तिलाही ते ठाऊक नसायचं. दहाच्या दहा वेळा तात्या आधी. आधी दाबलं तर नापास, असा नियम. पण जन्मभर नियमावर बोट ठेवणारी ही बाई इथे मूग गिळून बसली, कारण तिची लेक तात्यांच्याच बसने शाळेला जायची. तात्या आधी ब्रेक मारतात आणि मग कुत्रं आडवं येतं, असं लेक घरी येऊन सांगायची. अशा माणसाला कोणती आई नापास करेल?

पण ते अंतर वाढत गेलं. अर्धा सेकंद, एक सेकंद, तीन सेकंद. आणि त्या सकाळी तर तात्यांनी तिच्या खिडकीबाहेरच्या बाकावरच मांडीवर बोटाने दहा ठोके दिले, कमीजास्त थांबत, आणि आत येऊन यंत्रासमोर हात न हलवता बसून राहिले. दिवे लागत गेले, अगदी तसेच कमीजास्त थांबत. ते ठोके पडले तेव्हाची वेळ आठवून तिने घड्याळ पाहिलं. बरोबर चार मिनिटांचा फरक होता. चार मिनिटं आधी ब्रेक मारणारा आणि ब्रेक मारायला विसरणारा, रस्त्यावर दोघे सारखेच. तिने नापास लिहिलं. तात्यांनी हुज्जत घातली नाही, उलट त्यांना हायसंच वाटलं असावं. चावी बदली ड्रायव्हरला मिळाली. तरणा गडी, झोप झालेली, डेपोत सर्वांत चपळ हाताचा. बस वेळेवर सुटली.

तात्या तिच्या खोलीतच चहा पीत बसले. पंधराएक मिनिटं गेली असतील. एकाएकी त्यांचा उजवा पाय दाणकन जमिनीवर आपटला आणि तिथेच दाबून राहिला. चहा सदऱ्यावर सांडला होता. काय आडवं आलं, असं तिने विचारलं.

"मला दिसत काहीच नाही, बाई. नुसतं पायाला कळतं. आज मी गाडीवर नाही, पण पाय गाडीवरच आहे."

हातात चार मिनिटं होती. तिने बदली ड्रायव्हरला फोन लावला, तो बंद. गाडीवर फोन चालू दिसला तर याद राख, असा दम तिनेच त्याला सकाळी भरला होता. मग तिने लेकीला लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दप्तरात खोल गेलेला फोन लेकीला सापडेपर्यंत तीन मिनिटं संपली.

"कुठे आहेस तू?"

"मागच्या सीटवर. का गं?"

"ऊठ. पुढे जा आणि ड्रायव्हरकाकांना गाडी थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता."

बसमधला गलका, कुणाला तरी 'सरका, सरका' म्हणणारी लेक, मग तिचा आवाज, काका, आई म्हणते गाडी थांबवा. तात्यांचा पाय तसाच खाली दाबलेला. ते मान हलवत नको नको म्हणत होते, पण तिचं लक्ष घड्याळावर होतं.

"आई, ते म्हणतायत जागेवर जाऊन बस."

"बसू नकोस. त्यांना म्हणावं, सेकंदबाईंचा फोन आहे. कानाला लाव त्यांच्या."

चौथं मिनिट भरत आलं होतं.

"थांब," लेक म्हणाली, "ते मागे वळून विचारतायत, कुणाचा फोन."