गच्चीवरची तपासणी

चंपाबाईच्या सुनेचे, संघमित्राचे पाय सकाळपासून इतके सुजले की चपलेत शिरेनात. आठवा महिना. तिचा नवरा लोकेश नागपुरात टाळेबंदीत अडकलेला, राजेगावच्या घरात या दोघीच. बालाघाटची डॉक्टरीण दोन महिने फोनवरच तपासत होती. "अस्पताल मत आना," हे तिचं पालुपद, आणि चंपाबाईला ते मनापासून पटलेलं. तिचा भाऊ महागू पंधरवड्याखाली कोरोनानं दवाखान्यात गेला तो तिथेच वारला, त्याचं तोंडही पुन्हा दिसलं नव्हतं.

रेंज काय ती गच्चीवर. गावची आशा सेविका पुष्पलता हिनं तिथेच सुनेच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. यंत्रावरचा आकडा तिनं फोनवरच्या डॉक्टरणीला वाचून दाखवला.

"एकशे सत्तर, मॅडम. नीचे एकशे बारा."

"सिर दुखता है?" फोनमधून डॉक्टरणीनं विचारलं.

"नहीं जी," चंपाबाईच बोलून गेली. "नींद नहीं हुई, बस."

"आई, खोटं काहून बोलता?" संघमित्रा कण्हली. "डोकं फुटून राह्यलं. तुम्ही मले दोन-दोन दिसून राह्यल्या."

तेवढ्यात फोन कटला. चंपाबाईला हायसं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. पुष्पलता हात उंच धरून गच्चीभर फिरली. तिसऱ्या खेपेला चित्र नाही, डॉक्टरणीचा नुसता आवाज आला.

"अम्मा को दीजिए."

चंपाबाईनं फोन कानाला लावला. "मेरा भाई भी चलके गया था, मॅडम."

"अम्मा, दो महीने से मत आओ कौन बोल रहा था? मैं ही ना? आज मैं ही बोल रही हूँ, आओ. झटके आए तो माँ-बच्चा दोनों जाएँगे."

चंपाबाई कठड्याशी धावली आणि शेजारच्या अंगणात ओरडली, "भैयालाल, जीप काढ! आत्ताच्या आत्ता!"

वाटेत नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पुष्पलतेनं फोन पुढे केला, डॉक्टरीण बोलली, आडवी बल्ली वर गेली. बालाघाट दिसू लागलं तेव्हा संघमित्राचं अंग ताठ होऊन झटके खाऊ लागलं. चंपाबाईनं तिला कुशीवर वळवून घट्ट धरून ठेवलं.

फाटकाशी स्ट्रेचर तयार होतं. चंपाबाईला आत सोडलं नाही. सांजेला नर्स सांगून गेली: मुलगी, पावणेदोन किलो, काचेच्या पेटीत.

"अन् सून?"

"अभी बेहोश है."

संघमित्रानं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. ते ऐकल्यावर चंपाबाई फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसली आणि महागूसाठी पहिल्यांदा मोकळं रडली.