रंग बिघडला म्हणून बाजूला सारलेली काचपट्टी

मित्रांनो, तुमच्या तर्जनीएवढी लांब आणि नखासारखी पातळ अशी मी काचपट्टी. प्रयोगशाळेत मला ‘स्लाइड’ म्हणतात. माझ्या सोबतच्या बहुतेक काचा केव्हाच फुटून कचऱ्यात गेल्या. मला नीट गोष्ट सांगता येते की नाही, याची शंकाच आहे. पण राग मात्र खरा आहे, आणि तो बोलून दाखवल्यावाचून राहवत नाही.

कारखान्यात माझ्या कडा घासल्या गेल्या आणि पन्नास जणींच्या डबीतून मी एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर आले. तिथे एके दिवशी एका शिंप्याच्या कमरेच्या हाडातली मज्जा माझ्या अंगावर पसरली गेली. शिंपी जेमतेम तिशीचा होता. शिलाई मशीनचे पायडल मारतानाही त्याला धाप लागे. रक्त कमी म्हणून दोन वर्षे तो लोहाच्या गोळ्या खात होता, आणि रक्त काही वाढत नव्हते.

मला रंगवले ते प्रयोगशाळेतल्या ताईंनी. जाड भिंगाचा चष्मा, बोलणे कमी आणि हाताला कधी घाई नाही. लोह असेल तिथे निळे दिसावे, असा रंग त्यांनी मला लावला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्या खुर्चीत ताठ झाल्या. कोवळ्या रक्तपेशींच्या केंद्राभोवती निळ्या कणांच्या माळाच माळा! म्हणजे शिंप्याच्या अंगात लोह कमी नव्हतेच. ते भरपूर होते, पण पेशींना वापरता येत नव्हते.

ताई मला घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या.

“कचरा आहे हा,” साहेब भिंगाला डोळा लावता लावताच म्हणाले. “रंग न गाळता वापरला की असेच ठिपके पडतात.”

“सर, सकाळीच गाळलाय. याच रंगातली ही दुसऱ्या पेशंटची काच बघा ना, स्वच्छ आहे.”

“अहो, तुम्ही रंग लावा. रोग ओळखायला आम्ही बसलोय की इथे!”

ती दुसरी काच त्यांनी हातातही धरली नाही. वहीत माझ्या क्रमांकापुढे शेरा पडला, ‘रंग बिघडला’. आणि शिंप्याच्या कागदावर, ‘गोळ्या चालू ठेवा’. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच!

मला फेकून द्यायला सांगितले होते. ताईंनी फेकले नाही. माझ्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले, ‘रंग ठीक. माळा खऱ्या.’ आणि मला एका लाकडी खणात ठेवले. सात वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शिंपी त्याआधीच गेला होता. त्याच्या यकृतात आणि हृदयात लोह साचत गेले होते, आणि त्यात रोज भर पडत होती ती औषध म्हणून दिलेल्या गोळ्यांची!

मला ठेवल्यापासून बावीस वर्षांनी तो खण उघडला. आनुवंशिक रक्तविकारांवर संशोधन करणारी एक तरुण डॉक्टर जुन्या काचा चाळत होती. मागे शिंप्याची बहीण उभी होती, आणि दाराच्या चौकटीला टेकून तिचा मुलगा, पंचविशीचा गॅरेज मेकॅनिक.

“डॉक्टर, याचा मामाही असाच पांढराफटक पडला होता,” बहीण म्हणत होती. “त्याच गोळ्या, तीच धाप. हाही जाणार का हो माझ्या हातचा?”

“आई, चार जिने उतरून नुसता दम लागलाय. लगेच पोचवू नकोस मला,” मुलगा हसायला गेला आणि खोकत बसला.

डॉक्टरने वहीतल्या शिंप्याच्या नावाशी माझा क्रमांक जुळवला आणि माझ्या कोपऱ्यावरची पेन्सिलीची अक्षरे वाचली. मला भिंगाखाली ठेवून तिने त्या निळ्या माळा एकेक करून पाहिल्या. मग उठून तिने मुलाकडून गोळ्यांची पाकिटे मागून घेतली.

“या आजपासून बंद.”

भाच्याच्या मज्जेतही त्याच माळा निघाल्या. दोष आईकडून आला होता; तो बहुतेक वेळा बायका वाहतात आणि मुलगे भोगतात. हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, पण या मुलाला एका साध्या जीवनसत्त्वाने गुण आला. चार महिन्यांत तो पुन्हा गाड्यांखाली शिरू लागला. मित्रांनो, ते जीवनसत्त्व शिंप्याच्या वेळीही दुकानात मिळत होते!

पुढे वैद्यकीय मासिकात माझा फोटो छापला गेला, रुग्णालयात सभा भरली. निवृत्त मोठे साहेब पाहुणे म्हणून आले आणि म्हणाले, “आम्हाला तेव्हाच शंका आली होती.”

मागच्या रांगेतून बहीण उठली. “साहेब, शंका आली होती, तर माझ्या भावाच्या गोळ्या का नाही थांबवल्या?”

“त्या वेळी... तो रंग...” एवढे बोलून साहेब खाली बसले.

आता मला मऊ कापसाच्या डबीत ठेवले आहे. मला हा मान नको. त्या लाकडी खणात अजून एकतीस काचा आहेत. वहीत प्रत्येकीपुढे माझ्यासारखाच शेरा आहे आणि प्रत्येकीच्या मागे कुणाची तरी बहीण, कुणाचा तरी भाचा आहे. ती माणसे अजून गोळ्या खात असतील, की नसतीलच आता, कोण जाणे. खणाला कुलूप नाही, मित्रांनो. नुसता ओढायचा आहे.